सहा डबे चिंचोके

वर्धा जिल्ह्यात काय पाहिलंस, असं परतल्यावर प्रत्येकानं विचारलं. मी सांगते, कोट घातलेली बकरी पाहिली. लोक हसतात आणि चहाकडे वळतात. ज्यांना थोडा वेळ आहे त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहायला बसले आहे, कारण ती बकरी पहिल्यांदा दिसली तेव्हा मला मुळीच हसू आलं नव्हतं.

पुण्यातल्या एका विद्यापीठाच्या संशोधन कार्यालयात मी नोकरी करते. प्राध्यापक संशोधन करतात, आम्ही त्याचे कागद करतो. अलीकडे या कागदांत एक रकाना वाढला आहे: ‘संशोधनाचा समाजावर झालेला परिणाम, पुराव्यासह’. म्हणजे निबंध कुठे छापून आला एवढ्यावर आता भागत नाही. त्यानं कोणाचं काय बरं झालं ते सांगा, आणि सांगाल त्याला पुरावा जोडा. मागणी काही गैर नाही. पण हे परिपत्रक आलं तेव्हापासून आमच्याकडे भल्याभल्यांची झोप उडाली आहे.

श्रमशास्त्र विभागाची जरा जास्तच उडाली. माणूस काम करताना कसा वाकतो, कसा उचलतो, त्याचं अंग कुठे दुखतं, याचा अभ्यास करणारा हा दोन खोल्यांचा विभाग. त्या खोल्या दुसऱ्या मजल्यावर आहेत. विभागप्रमुख डॉ. शैलजा केळुसकर. मॅडमचे गुडघे गेले आहेत हे साऱ्या विद्यापीठाला माहीत आहे, फक्त मॅडमना मान्य नाही. जिन्यात मध्येच थांबतात आणि भिंतीवरची सूचना वाचत असल्याचं दाखवतात. ती सूचना दोन वर्षांपासून तीच आहे. हे पुरावे तपासणाऱ्या विद्यापीठाच्या समितीनं त्यांना स्पष्ट कळवलं होतं की परिणामाचा पुरावा आला नाही तर विभाग बंद होईल आणि खोल्या संगणकवाल्यांना जातील.

मॅडमचं मोठं काम कापूस वेचणाऱ्या बायकांवरचं. या बायका दिवसभर कमरेत वाकून असतात. वेचलेला कापूस कमरेला बांधलेल्या ओटीत साठत जातो आणि सगळा भार कमरेला ओढतो. मॅडमनी त्यासाठी एक कोट तयार केला, हिरव्या जाड कापडाचा, पुढे दोन आणि मागे एक मोठा खिसा असलेला, म्हणजे भार खांद्यांवर वाटला जावा. हिंगणघाटजवळच्या बोरखेडी गावातल्या एका टोळीला त्यांनी हे कोट दिले, एक हंगाम तिथे राहून मोजमाप केलं आणि निबंध लिहिला. पुढे निधी संपला, मॅडमच्या यजमानांचं आजारपण निघालं, आणि सहा वर्षं त्यांचं तिकडे जाणं झालं नाही.

“तू जाऊन ये,” त्या मला म्हणाल्या. “वापरत असतील तर फोटो काढ, सह्या घे. वापरत नसतील तर तसं लिही. माझ्यासाठी खोटं लिहू नकोस. फक्त समितीच्या आधी मला सांग.”

मी हो म्हटलं. इतकं सरळ बोलणाऱ्या माणसाचं काम आपल्या हातून बुडू नये असं मनापासून वाटत होतं.

जाम

नागपूरहून एसटीनं जामला उतरले. जाम हा हमरस्त्यावरचा मोठा नाका. इथे ट्रक थांबतात, इथे बस बदलायची, आणि डिसेंबरात रस्त्याच्या दोन्ही बाजूंना संत्र्यांचे ढीग लागतात. पुण्यात मी फळवाल्याशी घासाघीस करते आणि तो माझ्याशी. इथल्या बाईंनी मी तोंड उघडायच्या आत एक संत्रं सोलून हातावर ठेवलं. “आंधी खाऊन पाहा, मंग घेजा.” मी खाल्लं. इतकं गोड होतं की मी भाव विचारायचं विसरले. हा माझा प्रवासातला पहिला पराभव.

दुसरा लगेच झाला. बोरखेडीला जाणारी काळीपिवळी जीप भरायची होती. चालक देवराव यांनी मला पुढच्या सीटवर बसवलं, मागे दहा जण आणि एक सायकल घेतली आणि गाडी सोडली. वाटेत त्यांनी माझं नाव, गाव, पगार, मुलं किती आणि पुण्यात पाणी किती वेळ येतं हे सगळं काढून घेतलं. आमच्याकडे इतक्या चौकशा केल्या तर आगाऊपणा म्हणतात. इथे न विचारणं उद्धटपणाचं असावं. त्या गप्पांच्या नादात मी उतरताना संत्र्यांची पिशवी तेवढी घेतली आणि फाइल गाडीतच राहिली. सह्यांचे कोरे फॉर्म, प्रश्नावली, समितीचं पत्र, सगळं घेऊन काळीपिवळी धुळीत दिसेनाशी झाली.

बोरखेडी

मॅडमनी दिलेला फोन नंबर बंद होता, पण वच्छलाबाईंचं घर विचारत विचारत सापडलं. वच्छलाबाई या टोळीच्या म्होरक्या. साठीच्या, काटक, कपाळावर ठसठशीत कुंकू. मी विद्यापीठातून आले म्हटल्यावर त्यांनी आधी माझ्या खांद्यावरून मागे पाहिलं.

“मॅडम नाई आल्या काय?”

“त्यांचे गुडघे दुखतात हो. प्रवास झेपत नाही.”

“अवो माय!” त्या म्हणाल्या, आणि मी पाहुणी आहे हे त्यांच्या लक्षात आलं. “उभ्या काऊन? बसा न.”

मग जेवण. गोळाभात मी आयुष्यात पहिल्यांदा खाल्ला. डाळीचे तिखट गोळे भातात शिजवलेले, ते पानात कुस्करायचे आणि वरून लसणाची कडकडीत फोडणी घ्यायची. फोडणी म्हणजे आमच्या घरी चमचाभर तेल. इथे पळी भरून आली. मी “पुरे पुरे” म्हणेपर्यंत दुसरी पळी पडली होती. नाकातून पाणी, डोळ्यांतून पाणी, आणि तरी तिसऱ्यांदा भात मागितला. वच्छलाबाई खूश झाल्या. “आमाले वाटलं पुण्याचे लोक साखरच खातेत,” असं त्यांनी मोकळेपणानं सांगितलंही.

हात धुऊन मी कोटाचा विषय काढला.

“कोट? हाव न, हायेत न. काऊन नाई? चाला, दाखवतो.”

तिकडे बायकाही ‘मी दाखवतो’, ‘मी सांगतो’ असंच म्हणतात. मला ते फार आवडलं. वच्छलाबाई मला मागच्या अंगणात घेऊन गेल्या, आणि तिथे ती बकरी होती. थंडीसाठी तिच्या अंगावर मॅडमचा कोट चढवलेला, पुढचे पाय बाह्यांतून काढलेले, पोटाखाली सुतळीनं बांधलेला. पाठीवरच्या मोठ्या खिशातून कोणीतरी ठेवलेला पालापाचोळा ती मान वळवून खात होती. दुसरा कोट शेजारच्या शेतात बुजगावण्याच्या अंगावर होता. “पाखरं येतच नाई त्याच्यानं,” वच्छलाबाईंनी अभिमानानं सांगितलं.

“आणि बाकीचे?”

“बाकीचे कापले.”

मी ओट्यावर बसले. वच्छलाबाईंना माझा चेहरा पाहून वाईट वाटलं असावं, त्या शेजारी येऊन बसल्या.

“कोट भारी होता वो ताई. कापड तं एक नंबर. पण घातला का उन्हात जीव उकडे. खिसे पऱ्हाटीत अडकत. अन् मांगचा खिसा भरला का आता उताणी पडतो का मंग पडतो असं वाटे.”

“मग हे मॅडमना का नाही सांगितलं?”

“तोंडावर कसं सांगाव? एवढ्या दुरून, एवढ्या मायेनं आणले. मॅडम दिसल्या का आमी घालत होतो, त्या धुऱ्याआड गेल्या का काढत होतो.”

धुरा म्हणजे शेताचा बांध. म्हणजे निबंधात ‘कोट घातल्यावर’ म्हणून जी मापं आली होती, ती अर्धी बिनकोटाची होती. मी कपाळाला हात लावला. संध्याकाळी गच्चीवर रेंज आली तेव्हा मॅडमचा फोन आला.

“बोल,” मॅडम म्हणाल्या.

“अजून बघतेय मॅडम. टोळी उद्या भेटणार आहे.”

“बरं. नीट जेव,” एवढंच म्हणाल्या. त्यांना बहुधा कळलं होतं. मला फार लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी, पऱ्हाटीत

सकाळी तोंड धुते आहे तोच दारात देवराव. हातात माझी फाइल.

“ताई, तुमच्यावाली फाइल गाडीत राह्यलती. रात्री पूर्ण वाचली. काई समजलं नाई.”

मी त्यांचे आभार मानले आणि फाइल उघडली. पहिला फॉर्म त्यांनी भरून टाकला होता. नाव देवराव, व्यवसाय चालक, ‘संशोधनामुळे आपल्या जीवनात झालेला बदल’ यापुढे सुवाच्य अक्षरात ‘चांगला’. खाली सही.

“तुमचा आणि या संशोधनाचा काय संबंध?”

“काई नाई. पण तुमी एवढ्या दुरून आल्या, कागद कोरा काऊन राह्याव?”

खरं सांगते, विद्यापीठाकडे आलेल्या पुराव्यांपैकी निम्मे याच मार्गानं येत असावेत अशी शंका मला तेव्हा चाटून गेली.

आम्ही शेतात पोचलो तेव्हा पऱ्हाटीवर दव होतं. पऱ्हाटी म्हणजे कपाशी. बारा-तेरा बायका ओळी धरून निघाल्या. हात इतके चपळ की बोंडातून कापूस निघतो कधी आणि ओटीत जातो कधी ते दिसत नाही. मीही एक ओळ मागितली. बोंडाची वाळलेली टोकं बोटांत घुसली, पाठीनं थोड्याच वेळात दगा दिला, आणि माझ्या ओटीत जेमतेम उशी भरेल एवढा कापूस जमला. माझ्या पुढच्या ओळीला सोनाबाई मडावी होती. पस्तिशीची, गोंड, शांत स्वभावाची. आपल्या जावेशी गोंडीत बोलायची आणि माझ्याशी वऱ्हाडीत. ती माझी ओळही जाता जाता वेचून टाकत होती, मला कळू न देता.

आणि तेवढ्यात थाळी वाजली.

वच्छलाबाईंनी धुऱ्यावरून चमच्यानं थाळी वाजवली आणि सगळ्या बायका जागच्या जागी सरळ झाल्या. कमरेवर हात ठेवून मागे झुकल्या, मान फिरवली, दोन मिनिटं तशाच उभ्या राहिल्या. मग प्रत्येकीनं कनवटीतून काहीतरी काढलं आणि कमरेला लटकणाऱ्या एका छोट्या थैलीत टाकलं. टक, टक, टक असा बारीक आवाज आला. पुन्हा सगळ्या वाकल्या.

थैल्या हिरव्या होत्या. जाड हिरव्या कापडाच्या.

“हे काय आहे?” मी सोनाबाईला विचारलं, आणि उत्सुकतेच्या भरात तिच्या थैलीत डोकावले. “किती टाकलेस?”

आजूबाजूची वेचणी थांबली. सोनाबाईनं थैली मुठीत धरली आणि खाली पाहिलं. माझं काहीतरी चुकलं होतं, काय ते कळेना. वच्छलाबाई झपाझप चालत आल्या.

“थैलीत पाहाचं नसते वो ताई. इचाराचंबी नसते.” रागानं नव्हे, पण ठाम. “दुपारी मी हातात तोलतो. बस, तेवढंच.”

दुपारी तेही पाहिलं. भाकरी, ठेचा, अंबाडीची भाजी, उकडलेल्या तुरीच्या शेंगा असं जेवण झालं. मग वच्छलाबाई एकेकीजवळ गेल्या, थैली तळहातावर घेतली, किंचित हलवली, सोडली. सगळ्यांच्या थैल्या तोलून झाल्यावर नुसतं म्हणाल्या, “सोना, तू काट्यावर बस. मंदा, पाणी आण.” काट्यावर बसायचं म्हणजे झाडाखाली बसून प्रत्येकीचा कापूस मोजून लिहायचा. सोनाबाई गेली, बसली. कोणी तिच्याकडे पाहिलं नाही.

धुऱ्यावर बसून वच्छलाबाईंनी मग मला सगळं समजावलं. मॅडम राहिल्या त्या हंगामात दर तासाला थाळी वाजवायच्या. पाठ बरी असेल तर काही टाकायचं नाही, दुखत असेल तर एक मणी, जास्त दुखत असेल तर दोन, आणि वाकवेना असं झालं तर तीन. ते मॅडमचं मोजमाप होतं, दुखणं आकड्यात यावं म्हणून. मणी प्लॅस्टिकचे होते, ते पहिल्याच वर्षी पोरांनी पळवले. मग बायकांनी चिंचोके घेतले. गावात चिंच मोठी आहे, उन्हाळ्यात चिंचा फोडल्या की चिंचोक्यांना तोटा नाही. थैल्या मात्र टिकाऊ पाहिजेत, म्हणून कोट कापले.

“आधी कोणी म्हनत नव्हतं दुखते म्हनून,” वच्छलाबाई म्हणाल्या. “म्हटलं का बाकीच्या म्हनत, कामचोर हाय. आता म्हनाचं कामच नाई. जिची थैली जड, तिले बसाचं काम. कोणी टोमणा माराचा नाई, आमचा नियमच हाय.”

“पण कोणी उगीच जास्त टाकले तर?”

“टाकले तं टाकले. पाठ नसन दुखत, दुसरं काई दुखत असन.”

हे वाक्य मी तिथेच फाइलच्या मागे लिहून घेतलं.

“माह्या लेकीनं सासरी नेलं हे,” त्या पुढे म्हणाल्या. “सोनाच्या भावजयीनं तिच्या माहेरी. तिथे मक्याचे दाणे टाकतेत.” देवरावांनी मला संध्याकाळी त्या दोन्ही गावांना नेऊन आणलं. एकीकडे गोळ्यांच्या रिकाम्या बाटलीत मक्याचे दाणे टाकतात, दुसरीकडे गुंजा. मॅडमचं नाव तिथे कोणाला माहीत नव्हतं, विद्यापीठाचं तर दूरच. “हे बोरखेडीचं हाय,” असंच दोन्हीकडे सांगितलं. माझ्या प्रश्नावलीत एक प्रश्न होता, ‘लाभार्थ्यांना संस्थेचे नाव ज्ञात आहे काय?’ मी प्रामाणिकपणे ‘नाही’ लिहिलं आणि मला भारी आनंद झाला.

डबे

पण खरी गोष्ट अजून पुढेच होती. परत आल्यावर वच्छलाबाईंनी माळ्यावरून एकेक करत सहा पत्र्याचे डबे उतरवले. झाकण उघडलं की वर वाळलेला कडुलिंबाचा पाला, खाली कापडाच्या पुरचुंड्या, प्रत्येक पुरचुंडीला वेगळ्या रंगाचा दोरा. नावं नाहीत. आत चिंचोके.

“दर सालचा एक डबा. हंगाम संपला, उलंगवाडी झाली का बांधून ठेवतो. पिवळा दोरा सोनाचा, लाल मंदाचा. घेऊन जा मॅडमले.”

“पण हे ठेवलेत कशाला?”

“कशाले म्हंजे? मॅडम म्हनल्या होत्या, सगळे जपून ठेवजा, मी येऊन मोजीन.”

मॅडम हे त्या एका हंगामापुरतं म्हणाल्या होत्या. तो अभ्यास केव्हाच संपला होता, निबंध छापून झाला होता. आणि इथे या बायका सहा वर्षं, एकही दिवस न चुकवता, संपलेल्या अभ्यासाचं मोजमाप करत होत्या, कारण अभ्यास संपला हे त्यांना सांगायला कोणी आलंच नव्हतं.

सांगावं की सांगू नये? सगळी टोळी अंगणात जमली होती. न सांगता डबे घेऊन गेले असते तर पुरावा मिळाला असता. पण खोटं लिहू नकोस म्हणणाऱ्या बाईसाठी खोटं बोलून पुरावा न्यायचा, हे मला जमेना.

“वच्छलाबाई,” मी म्हटलं, “मॅडमचा अभ्यास सहा वर्षांपूर्वीच संपला. त्यांना वाटलं तुम्हाला माहीत आहे.”

वच्छलाबाईंनी हातातलं झाकण खाली ठेवलं. त्यांचा चेहरा इतका उतरला की मी मनात स्वतःला दहा शिव्या घातल्या.

“मंग आमी एवढे साल कोणासाठी मोजून राह्यलो?”

भिंतीशी बसलेली सोनाबाई, जी दिवसभरात माझ्याशी चार वाक्यं बोलली असेल, ती म्हणाली, “माह्यासाठी.”

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं.

“मागच्या साली माह्यं पोटाचं आपरेशन झालतं, अन् मी घरी कोणाले म्हटलं नाई का वजन उचलता येत नाई. आठ दिवस तीन-तीन टाकले. तुमी मले पूर्ण हंगाम काट्यावर बसवलं. इचारलंबी नाई.” ती थांबली. “मोजलं नसतं तं मी जीवानिशी गेली असती.”

वच्छलाबाई उठल्या, सोनाबाईच्या डोक्यावरून हात फिरवला, आणि पदरानं आपलं नाक पुसून माझ्याकडे वळल्या. “फोन लावा तुमच्या मॅडमले.”

मी गच्चीवर जाऊन फोन लावला, स्पीकरवर. सगळी टोळी जिन्यात.

“काऊन वो मॅडम, इसरल्या काय आमाले?” वच्छलाबाईंनी सुरुवातच अशी केली.

पलीकडून मॅडमचा ओला आवाज आला, “वच्छलाबाई? कोट वापरता का हो?”

“कोट बकरीच्या अंगावर हाय. झ्याक दिसते.”

मॅडम हसायला लागल्या. आधी दबकत, मग खळखळून, आणि जिन्यात बायका हसायला लागल्या. मी डबे, थैल्या, दोरे, सोनाबाई, सगळं सांगितलं. मॅडम नुसत्या “हो का? हो का?” करत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, “मी चुकीचीच गोष्ट मोजत बसले गं.”

निघताना वच्छलाबाईंनी माझ्या हातात एक कोरी हिरवी थैली आणि मूठभर चिंचोके दिले. “मॅडमचे गुडघे दुखते म्हनल्या न तुमी? त्याईले द्या. अन् पुढच्या सीतादईले घेऊन येजा.” सीतादई म्हणजे वेचणीच्या पहिल्या दिवशी शेतात पाच दगड मांडून दहीभाताचा नैवेद्य दाखवतात ती पूजा. आता त्या पाच दगडांसमोर रिकाम्या थैल्याही ठेवतात म्हणे.

पवनार

वर्ध्याहून गाडी संध्याकाळची होती. “पवनार पाह्यलं नाई तं काय पाह्यलं?” असं म्हणत देवरावांनी गाडी तिकडे घातली. धाम नदीच्या काळ्या खडकांवर बसून आम्ही उरलेली संत्री संपवली. वर आश्रम, खाली संथ पाणी, पलीकडच्या काठावर कोणी कपडे वाळत घातलेले. इतकं छान वाटत होतं की मी अहवाल लिहायला वही काढली आणि तशीच मांडीवर ठेवून दिली. देवरावांनी वर्ध्यात गोरसपाकाचे, म्हणजे तिथल्या तुपातल्या बिस्किटांचे, दोन पुडे माझ्यासाठी घेतले आणि सहा डबे स्वतःच्या हातांनी रेल्वेत चढवले. शेजारच्या प्रवाशाला बजावलं, “संभाळजा गा, विद्यापीठाचा पुरावा हाय.”

पुणे

समितीसमोर मी डबे मांडले. सगळं खरं लिहिलं होतं: कोट कोणी वापरत नाही, त्याच्या थैल्या झाल्या, आणि मोजण्याची पद्धत हाच परिणाम झाला. अध्यक्षांनी एक डबा हलवून पाहिला. “हे कोणत्या प्रकारच्या पुराव्यात मोडतं?” एका सदस्यांनी विचारलं. बरीच चर्चा झाली आणि अखेर ठराव झाला की चिंचोके मोजल्याशिवाय पुरावा ग्राह्य की अग्राह्य हे ठरवता येणार नाही. मोजणी श्रमशास्त्र विभागानंच करावी, आणि ती पूर्ण होईपर्यंत विभाग आहे तसा चालू ठेवावा.

मॅडम सावकाश मोजताहेत. एकेक पुरचुंडी सोडतात, दोऱ्याचा रंग लिहितात, दहा-दहाचे ढीग लावतात. पिवळ्या दोऱ्याची मागच्या वर्षीची पुरचुंडी सोडली तेव्हा बराच वेळ हात त्यावर ठेवून बसल्या होत्या.

हिरवी थैली मी पहिल्याच दिवशी त्यांना दिली होती. “मला काय धाड भरलीय?” म्हणून त्यांनी ती खणात टाकली. परवा अकराच्या सुमाराला मी कपाटाआड फाइल शोधत होते. मॅडम नुकत्याच जिना चढून आल्या होत्या. खोलीत कोणी नाही असं त्यांना वाटलं असावं. खण उघडल्याचा आवाज आला. मग टक. टक. टक.

मी काही विचारलं नाही, थैलीत डोकावलेही नाही. बोरखेडीत एकदा चूक करून झाली होती. दुपारी मॅडम जेवायला गेल्यावर शिपायाला हाताशी घेतलं आणि सहा डबे, वही, दिवा आणि त्यांची खुर्ची तळमजल्यावरच्या आमच्या कार्यालयात, खिडकीशी आणून मांडली. मॅडम जेवून परतल्या आणि जिन्याकडे वळणार तोच त्यांना आमच्या उघड्या दारातून आपली खुर्ची दिसली. त्या थांबल्या. माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घालून टाचण्या वेगळ्या करत होते.

“इथे उजेड बरा आहे,” मॅडम म्हणाल्या, आणि खुर्चीत बसून त्यांनी पुढचा डबा ओढला.